गांधीलमाशीचे घर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीत गांधीलमाश्यांनी वस्ती केली आहे, हे मला २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात कळले. त्याआधी चार-पाच महिने त्या तिथे होत्याच. चैत्राच्या उन्हात एखाददुसरी तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असलेली गांधील कूलरच्या भिजलेल्या गवतावर पाणी प्यायला येई आणि क्षणभर टेकून निघून जाई. दिल्लीच्या उन्हाळ्यात माणूस, साळुंकी आणि गांधीलमाशी तिघेही कूलरच्या आश्रयाने जगतात. म्हणून मी तिच्याकडे कधी निरखून पाहिले नव्हते. ती जाते कुठे, हा प्रश्नही मला पडला नाही. शेजाऱ्याचे घर नेमके कुठे आहे, याची चौकशी तो आपल्याला नडेपर्यंत आपण करीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यमुनेच्या पूर्वेला, नोएडात, आमचे हे लहानसे घर आहे आणि त्यामागे चार पावलांत संपणारी बाग. बागेच्या कुंपणभिंतीत विटांच्या सांध्यातून पिंपळाचे एक रोप कधीतरी उगवले. मी ते दोनदा तोडले, ते दोनदा पुन्हा आले; तिसऱ्यांदा मी नाद सोडला. त्याच्या मुळाने विटा सरकवून जी पोकळी केली होती, तीत हे घर होते. आठवड्यातून दोनदा येणारा माळी त्या सकाळी भिंतीच्या बुडाशी गवत काढीत होता. खुरप्याचा घाव बहुधा त्यांच्या दारावरच बसला. त्याची हाक ऐकून मी बाहेर आलो तेव्हा तो डोके धरून नळाकडे धावत होता. पाच-सहा डंख झाले होते. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शीळ वाजू लागली. मराठीने या माशीला दिलेले नाव त्या गांधींशी किती जुळते आहे, हा विचार, लाज वाटते सांगायला, मला ऑटोरिक्षात त्याचे डोके मांडीवर धरून बसलो असताना आला. दवाखान्यात अॅड्रिनलिनचे इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवले. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकेल, असेही त्यांनी बजावले.

त्याच संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाने फाटकापाशी एक सूचना लावली. सूचना हिंदीत होती. वसाहतीत शिरलेल्या 'घुसपैठिया' ततैयांचा बंदोबस्त केला जाईल, रहिवाशांनी सहकार्य करावे, असा तिचा आशय होता. सहकार्य म्हणजे माझी सही. मी ती केली. रात्री दहानंतर, माश्या घरात परतल्यावर, तोंडाला फडके बांधलेले दोघे आले. एकाने भोकात पांढरी भुकटी फुंकली, दुसऱ्याने ओले सिमेंट थापले. विजेरी मी धरली होती. आतून काही वेळ एक आवाज येत राहिला. त्याला गुणगुण म्हणता येणार नाही. वाळलेल्या पानांवर पाऊस पडावा तसा तो होता. मग थांबला. रात्री बाहेरच राहून गेलेल्या काही माश्या दुसऱ्या दिवशी परतल्या आणि सिमेंटच्या ओल्या डागासमोर हवेत तरंगत राहिल्या. हे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी कोणी आले नाही.

माळी वाचला, नातीला मागच्या अंगणात खेळायला मोकळीक मिळाली, आणि झाले ते योग्यच झाले असे मी मनाला सांगू लागलो. ते आजही मी सर्वस्वी नाकारीत नाही. मला बोचत राहिला तो सूचनेतला शब्द. माश्या मारल्याचे दुःख एखाद्या आठवड्यात विरले असते. पण ज्या शब्दाखाली मी सही केली तो खरा होता की नाही, हे पाहावेसे वाटले, आणि पाहू गेलो तो एकेक गोष्ट निसटत गेली.

ही तांबूस गांधील लिनिअसने १७७१ साली शास्त्राच्या वहीत नोंदली आणि तिला 'ओरिएंटॅलिस', म्हणजे पौर्वात्य, असे नाव दिले. (योगायोग असा की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मराठी फौजांनी दिल्ली पुन्हा आपल्या ताब्यात घेतली होती.) ग्रीसपासून इजिप्त, अरबस्तान, इराण ओलांडून भारतापर्यंत हा सारा कोरडा, उन्हाळी पट्टा तिचा. इतर गांधीलमाश्या सकाळी लवकर कामाला लागतात. ही भर दुपारी अधिक राबते. तिच्या अंगावरचा तपकिरी आणि पिवळा रंग सूर्यप्रकाश शोषून त्यापासून सूक्ष्म विद्युत्‌शक्ती निर्माण करतो, असे तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० साली दाखवले आहे. दिल्लीच्या मे महिन्यातल्या ज्या दुपारी आपण पडदे ओढून निपचित पडतो, ती दुपार जणू तिच्यासाठीच केलेली आहे. या हवेत उपरा कोण, असा प्रश्न विचारायचा झाला तर उत्तर तिच्या बाजूने द्यावे लागेल. मात्र हीच माशी जहाजांतून स्पेनला पोहोचली आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे स्थिरावली. चिलीतही ती सापडली आहे. तिथे ती खरोखर घुसखोर आहे. तीच माशी, तोच डंख, तेच कागदी पोळे. मधल्या काही हजार मैलांनी तिच्या नावापुढचे विशेषण बदलते.

आता बाग पाहा. चाफा मुळचा अमेरिकेचा, झेंडू मेक्सिकोचा, बोगनवेल ब्राझीलची, गुलबक्षी आणि पेरू अमेरिकेचेच. मिरची आणि पपई पोर्तुगीजांबरोबर आल्या. पपईची गोष्ट तर गंमतीची आहे. ती इथे चार शतके सुखाने नांदली. मग २००८ साली कोइमतूरजवळ तिच्यावर मेक्सिकोकडचा पिठ्या ढेकूण दिसला आणि पाहता पाहता दक्षिणेतल्या, महाराष्ट्रातल्या बागा पांढऱ्या पडू लागल्या. औषधे मारून तो हटेना. शेवटी २०१० साली प्वेर्तो रिकोहून एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी आणून सोडली गेली. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. म्हणजे परदेशी झाडावर परदेशी कीड, आणि तिच्या निवारणासाठी सरकारी परवान्याने आणलेली परदेशी गांधील! तिला कोणी घुसखोर म्हटले नाही. ती पाहुणी ठरली. आणि ज्या पिंपळाला आपण पार बांधतो, ज्या उंबराखाली दत्ताच्या पादुका ठेवतो, त्यांची तरी काय कथा? उंबर फोडला की जी केंबरे उडतात ती गांधीलमाशीच्याच कुळातली आहेत. तिने फळात शिरून परागण केले नाही तर उंबराला बी धरत नाही, पिंपळाला धरत नाही, वडालाही नाही. माझ्या भिंतीतले पिंपळाचे रोप एका गांधीलमाशीच्या कृपेने जन्मले, त्याच्या मुळाने दुसरीला घर करून दिले, आणि ते मी सिमेंटने लिंपले.

या यादीत मीही आहे. मी १९८३ साली साताऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीला आलो. आमची वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे नोएडाची स्थापना १९७६ साली होण्याआधी शेती होती. आम्हा मराठी माणसांचे या शहराशी नाते तसे जुने; पण ते फार सोवळे आहे असे समजण्याचे कारण नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली, ते फौजेच्या पोटासाठी. त्या वेळच्या दिल्लीकरांनी आपल्याला काय म्हटले असेल, याचा विचार आपल्या शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला करू दिला नाही.

परंतु हा युक्तिवाद इथेच सोडला तर तो लबाडीचा होईल. सारेच उपरे, तेव्हा उपरा कोणीच नाही, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातली एक गांधीलमाशी विमानांच्या सामानाच्या खोक्यांतून आली, १९७०च्या दशकात दुसरी आली. तिथल्या बीच वृक्षांवर कीटकांपासून पाझरणारा गोड रस हे त्या रानातल्या पक्ष्यांचे अन्न. माश्यांनी तो असा फस्त करायला सुरुवात केली की पक्ष्यांना उपाशी राहण्याची पाळी आली. तिथला वनरक्षक विष घेऊन निघतो तेव्हा तो क्रूर नसतो. आमच्या दिल्लीतही कड्यावर, म्हणजे ज्याला सारे 'रिज' म्हणतात त्या अरवलीच्या शेवटच्या टेकड्यांवर, इंग्रजांनी हौसेने लावलेला विलायती कीकर सगळीकडे माजला आणि त्याने तिथली धवाची, पळसाची, खैराची रोपे वर येऊ दिली नाहीत. तो काढून जुने रान परत आणण्याचे प्रयत्न चालले आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. तेव्हा 'आक्रमक' हा शब्द शास्त्राला लागतो. तिथे तो जन्मस्थानावरून दिला जात नाही. होणाऱ्या हानीवरून मोजून दिला जातो. चाफाही परका आणि कीकरही परका. एकाने कोणाची जागा घेतली नाही, दुसऱ्याने घेतली. आमच्या सूचनेत ही मोजणी नव्हती. तिथे तो शब्द काही सांगण्यासाठी आला नव्हता, मोकळे करण्यासाठी आला होता. तो उच्चारला की मग मारण्याचे ओझे मारणाऱ्यावर राहत नाही.

ही सोय आपल्याला नवी नाही, आणि दिल्लीला तर मुळीच नवी नाही. आमच्या घरापासून नदी ओलांडून काही मैलांवर पुराना किल्ला आहे. परंपरेने तेच इंद्रप्रस्थ. किल्ल्याच्या आत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंदरपत नावाचे गाव नांदत होते. नवी दिल्ली वसवताना ते उठवले गेले. आणि या परिसरात, यमुनेच्या काठी, खांडववन होते. आदिपर्वाच्या शेवटी कृष्ण आणि अर्जुन ते जाळतात. अग्नीला यज्ञातले तूप खाऊन अजीर्ण झालेले असते, त्यावर उतारा म्हणून त्याला हे वन हवे असते. तो भुकेल्या ब्राह्मणाच्या वेषात येतो. म्हणजे मागणाऱ्याचा वेष पवित्र, कारण वैद्यकीय, साधने दिव्य. आगीतून बाहेर पळणारे जीव हे दोघे पुन्हा आगीत लोटतात. पक्षी पंख जळून पडतात, तळ्यांतले मासे उकळतात. सुटतात ते सहाच: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) या दहनाकडे भाविकतेचा पडदा बाजूला सारून पाहिले आणि त्यात जमीन मिळवण्याची हाव दाखवली. त्यांचे ते वाचन मला नेहमीच पटत आले आहे. पण भिंतीच्या प्रकरणानंतर पुन्हा आदिपर्व उघडले तेव्हा जाणवले ते व्यासांचे धैर्य. कवीने अग्नीची भूक सांगितली. पण ती सांगून तो थांबला नाही. त्याने जळणाऱ्यांचे आवाज लिहिले, सुटलेल्यांची मोजदाद ठेवली आणि मुख्य म्हणजे हिशेब पुढे ओढला. त्या दिवशी घरी नसलेला तक्षक, आमच्या भिंतीबाहेर राहून गेलेल्या त्या माश्यांसारखाच, वाचला. पुढे अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला, डसला तो तोच. आणि तो आला कसा, तर फळात दडलेल्या एका बारीक किड्याच्या रूपाने. मग जनमेजयाचे सर्पसत्र. सगळे सर्प जाळून टाकण्याची ती दुसरी आग थांबवली आस्तिकाने, ज्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी. महाभारत सांगितले जाते ते या सत्राच्या मांडवात. आपण ज्याला भारतीयांचा इतिहास म्हणतो, त्याच्या चौकटीलाच दिल्लीजवळच्या एका जळालेल्या रानाचा वास आहे.

त्याच आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरीच्या खोट्या आळावरून त्यांना सुळावर चढवले जाते. एवढी शिक्षा कशाची, असे ते धर्माला विचारतात तेव्हा उत्तर मिळते: लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. संतापून ऋषी धर्मालाच शाप देतात, आणि यापुढे चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा घालून देतात. साताऱ्यात आम्ही मुले चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला विमानासारखा उडवीत असू. ते मांडव्यांच्या कृपेने माफ झाले असेल. विजेरी धरली तेव्हा मी पासष्टी ओलांडलेली होती.

हीन ठरवणारा शब्द जसा पाहू देत नाही, तसाच उदात्त शब्दही पाहू देत नाही. गांधीलमाशीचीच एक भावकी, आपली कुंभारीण, खिडकीच्या चौकटीत चिखलाची मडकी करते. तिच्यावरून आपल्याकडे आळी आणि भृंगीचा दृष्टांत निघाला. भृंगी आळीला धरून मातीच्या घरात कोंडते. भयाने तिचेच ध्यान करता करता आळी स्वतः भृंगी होते. तसा भक्त देव होतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने या कीटकाला आपल्या चोवीस गुरूंत स्थान दिले आहे, आणि नाथांनी त्याच स्कंधावरची आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत पूर्ण केली. लहानपणी कीर्तनात हा दृष्टांत ऐकताना माझ्या अंगावर काटा येई. मडके फोडून पाहिले तर आत दिसते ते असे: आळ्या डंखाने लुळ्या केलेल्या, पण जिवंत, कारण मेलेले अन्न नासते. कुंभारणीचे पिल्लू त्यांना हळूहळू खाते आणि पंख फुटल्यावर मडके फोडून बाहेर पडते. आळीचे काही होत नाही. ती संपते. अशाच जातीच्या माश्यांची ही रीत पाहून डार्विनने १८६० साली आपल्या अमेरिकन मित्राला, एसा ग्रेला, कळवले होते की दयाळू ईश्वराने हे मुद्दाम निर्माण केले असेल असे आपल्याला मानवत नाही. त्याने आळीच्या जागी स्वतःला ठेवले, आपल्या परंपरेने भृंगीच्या जागी ईश्वराला. दृष्टांताचे सौंदर्य मी नाकारीत नाही. दृष्टांत खोटा ठरल्याने भक्ती खोटी ठरत नाही. पण शतकानुशतके ते मडके कोणी फोडून पाहिले नाही. आणि ज्यांनी खेळता खेळता फोडले असेल, त्या पोरांना कोणी विचारले नाही.

माळी तीन आठवड्यांनी कामावर आला. भिंतीवरचा सिमेंटचा डाग त्याने बोटाने चाचपला. मी म्हणालो, आता काळजी नाही. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मारा, ठीक किया बाबूजी, घर में बच्ची है। खुरपी तो मैंने ही मारी थी उनके दरवाज़े पे।" आणि कुदळ उचलता उचलता, "लेकिन वो काग़ज़ में घुसपैठिया काहे लिखा?" सूचना त्याला त्याच्या मुलाने वाचून दाखवली होती. तेव्हा मला कळले की हा माणूस तरुणपणी यमुना पुश्त्यावर राहत होता. २००४ साली ती नदीकाठची वस्ती उठवली गेली आणि कित्येक कुटुंबांना दूर बवान्याला धाडण्यात आले, हे मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचून पान उलटले होते. नदीकाठ मोकळा आणि स्वच्छ व्हावा, असे मलाही वाटत असे. तिथे राहणाऱ्यांसाठी तेव्हा जो शब्द घरोघर, चहाच्या टपरीवर, आमच्या कचेरीतही सहज वापरला जात असे, तो आता माश्यांसाठी वापरलेला त्याने ऐकला. त्याने कुणाला दोष दिला नाही. मृत्यूच्या दारातून परतलेल्या त्या माणसाला मारण्याबद्दल तक्रार नव्हती, शब्दाबद्दल होती. मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, एवढे आठवते की ते हिंदीच्या व्याकरणाबद्दल होते.

त्याला दुसरीकडे काम शोधून द्यावे, असे मी त्यानंतर दोनदा सुचवले. डॉक्टरांचे बजावणे त्यालाही ठाऊक आहे. तो हसतो आणि येत राहतो. आता त्याच्यासाठी डोक्यावरून घ्यायची जाळी आणि जाड हातमोजे घेऊन ठेवले आहेत. हातमोजे तो घालतो, जाळी बहुधा फाटकापाशी लटकत असते.

पिंपळाचे मूळ सिमेंटला जुमानत नाही. या वर्षी होळीनंतर त्या डागाला बारीक चीर पडलेली दिसली. पंधरा दिवसांपूर्वी कूलर काढून धुतला, गवत बदलले, पाणी सोडले, आणि तिसऱ्या दुपारी एक तांबूस गांधील त्यावर येऊन बसली. या वेळी मी तिच्यामागे नजर ठेवली. ती पेरूच्या झाडाला वळसा घालून भिंतीकडे गेली, चिरेपाशी दोनदा तरंगली आणि आत शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. या दिवसांत येते ती एकटी मादी असते. थंडीभर कुठल्याशा सांदीत निजून ती आता घर मांडायला निघालेली असते. तिला आज आवरायचे तर एक चप्पल पुरे. ऑगस्टमध्ये पुन्हा भुकटी लागेल, विजेरी लागेल.

माळ्याला मी चीर दाखवली. त्याने तिच्यापासून हातभर जागा सोडून उरलेले गवत काढले. रहिवासी संघाला मी अजून कळवलेले नाही. नात मेअखेरीस सुट्टीला येणार आहे.